कोणी जवळ असलं तरच

"तिथे दिवा लावून काही उपयोग नाही."

ती दचकली, बोट घसरलं आणि फोनमधला तिचा ठोकळ्यांचा छोटा माणूस जागच्या जागी मेला.

"मारलंत ना त्याला!"

"मी? मागे राक्षस उभा होता. मी फक्त बोललो."

जिन्यात तिच्या दोन पायऱ्या खाली एक तरुण उभा होता. खांद्यावर हत्यारांची पिशवी, कोपरापर्यंत ग्रीस.

"लिफ्ट दुरुस्त करायला आलात ना? मग जिन्यात काय करताय?"

"लिफ्ट वर अडकलीय. लिफ्टने कसा जाणार?"

तिला हसू आलं, पण तिने ते डब्याच्या झाकणाखाली दाबलं. ती वरच्या मजल्यावर कवळ्या बनवायची. तिने बसवलेला दात खरा की खोटा, हे तोंडाच्या मालकालाही आरशात ओळखता यायचं नाही, इतकं तिचं काम चोख. दुपारी मात्र प्लास्टरच्या धुळीपासून लांब, जिन्यात डबा आणि हा खेळ. दिवसा लाकूड तोडायचं, दगड फोडायचे, घर बांधायचं. अंधार पडला की राक्षस उगवायचे.

"सगळीकडे दिवे लावलेत मी," ती म्हणाली. "अंगणात, गच्चीवर, पार टेकडीपर्यंत. तरी तळघरात नुसती जत्रा!"

"म्हणूनच." तो पायरीवर टेकला. "एका वेळी किती राक्षस असायचे ते ठरलेलं असतं. बाहेर तुम्ही तसूभर अंधार ठेवला नाहीत. मग बिचाऱ्यांनी जायचं कुठे? सगळे तळघरात."

"म्हणजे मी जितकी नेटकी, तितकं तळघर वाईट?"

"तळघरातही लावा की दिवा."

"त्यासाठी आधी खाली उतरावं लागतं."

"मी येतो सोबत," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून हत्यारांची पिशवी उगाचच उघडून पाहू लागला. "म्हणजे... खेळात."

त्याने आपल्या फोनवर तिच्याच खेळातलं जग उघडलं; आता ते दोघांचं, कोणीही केव्हाही शिरावं असं, आणि तळघर त्याच दुपारी उजळलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच पायरीवर. तिसऱ्या दिवशी एक पायरी वर. लिफ्टचा एकेक भाग यायला वेळ लागत होता, आणि त्याबद्दल इमारतीत फक्त दोघांची तक्रार नव्हती.

"इतकं जवळ बसायचं काही कारण?" तिने एकदा विचारलं.

"नियम आहे. माणसाच्या अगदी जवळ राक्षस उगवत नाहीत. त्यांना थोडं अंतर लागतं."

"हा जिना आहे."

"खबरदारी घेतलेली बरी."

कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, दोघांनाही कळलं नाही. टेकडीपलीकडे त्यांनी रोपांची एक रांग लावली. ती दुसऱ्या दिवशी बघायला गेली तर रोपं होती तेवढीच.

"वाढली का नाहीत?"

"आपण नव्हतो ना तिथे. कोणी जवळ नसलं की तिथला काळच थांबतो. रोप वाढत नाही, गाय चरत नाही. आपण परतलो की पुढे सुरू."

मग एके दिवशी लिफ्ट चालू झाली. पहिली फेरी त्याने तिलाच दिली. दार बंद झालं आणि तो बटणांकडे बघत म्हणाला, "उद्यापासून दुसऱ्या गावी. नव्या हॉस्पिटलच्या लिफ्ट. बरेच महिने जातील."

तिने आडवळण घेतलं नाही. "मग आपलं काय?"

एक मजला गेला. दुसरा गेला. मग तो कसनुसा हसत म्हणाला, "नियम माहितीये ना... कोणी जवळ नसलं की सगळं थांबतं."

दार उघडलं. "लिफ्ट छान झालीय," ती म्हणाली आणि जिन्याने खाली उतरली.

खेळ तिने बंदच करून टाकला. कवळ्यांचे दात घासूनपुसून इतके चकचकीत केले की डॉक्टरांनी एक कवळी परत पाठवली – आजोबांना शोभेल असं काही द्या म्हणून. ती राहायची मावशीकडे. मावशी दोन आठवडे बघत होती.

"फोन रुसलाय की फोनमधला कोणी?"

"मावशी!"

"मला काय करायचंय? पण एक घाव दोन तुकडे कर बाई. भाजीत मीठ दोनदा पडतंय."

खरंच होतं ते. एक घाव दोन तुकडे. तिने खेळ उघडला, पेटीतून कुऱ्हाड घेतली आणि तडक टेकडी ओलांडली. रोपांची ती रांग मुळापासून काढायची, की विषय संपला.

टेकडीवर ती थबकली.

खाली रोपं नव्हती. झाडं होती – उंच, गच्च, फांद्यांत फांद्या गुंतलेली. पडद्यावर पाऊस पडत होता. झाडांच्या मधोमध दिव्यांचं रिंगण, आणि रिंगणात त्याचा ठोकळ्यांचा माणूस. उभा. न हलता.

तिने खेळातच लिहिलं, "झाडं मोठी झालीत."

उत्तर आलं. "हो का? लक्षात नाही आलं."

"खोटारडा. इथे कोणी नसलं तर पानही वाढत नाही. तूच शिकवलंस."

"पावसाने वाढली असतील."

"रोज उभा असतोस?"

"कामावर फोन चार्जिंगला लावतो, खेळ चालू ठेवून. हत्यारांच्या पेटीवर. सगळे हसतात." मग पुढे, "लिफ्टमध्ये मी भ्यायलो होतो. तुला 'वाट बघ' म्हणायचा मला काय हक्क? म्हणून वाटलं, मीच थांबावं. निदान इथलं काही थांबू नये."

कुऱ्हाड तिने पेटीत ठेवून दिली.

"माझ्याशिवाय परस्पर ठरवलंस. त्याचं भांडण समोरासमोर होईल. उद्या सुट्टी आहे माझी. तुझ्या गावच्या स्टँडवर उभा राहा."

"कुठे नेमका?"

"बस थांबते तिथे. आणि मी येईपर्यंत हलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी बस वळली तेव्हा तो तिला खिडकीतूनच दिसला. फलाटाच्या कडेला ताठ उभा, हात बाजूला, अगदी त्या ठोकळ्यांच्या माणसासारखा. हमाल त्याला वळसा घालून जात होते. एक बाई त्याच्या पायाशी पिशवी ठेवून पाणी प्यायला गेली होती.

ती उतरली. गर्दीतून वाट काढत थेट त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. इतकी जवळ, की मध्ये काही उगवायला जागाच उरली नाही. भांडणाची सगळी वाक्यं तिने बसमध्ये पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना.

"आता हललास तरी चालेल," ती म्हणाली.