दिवा लावला की जागा द्यावी लागते

सायकल-रिक्षात खोकं ठेवताना गुरुनाथ तांडेलने रिक्षावाल्याला पुन्हा बजावलं, "धीरे चलाना यार, अंदर शीशा है."

रिक्षावाला घाईत होता. उद्यापासून बंद पुकारला होता. सकाळीच शहराबाहेर कुठल्याशा बसवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. पंजाबातल्या दहशतवादाच्या त्या वर्षांत संध्याकाळ झाली की चंडीगडची माणसं दाराला कडी घालत, आणि मग बाहेरून कुणी कडी वाजवली की श्वास रोखून बसत.

खोक्यात विमानवाहू जहाजावरचा आरसा होता. सेक्टर तीसमधल्या एका सरकारी प्रयोगशाळेत नौदलाने तो दुरुस्तीला पाठवला होता आणि त्याच्यावर नजर ठेवायला गुरुनाथला. रेवदंड्याचा माणूस, जन्म खाऱ्या वाऱ्यात गेलेला, तो इथे डोंगराच्या पायथ्याशी बायको-मुलीसह कुडकुडत बसला होता. आता आरसा दुरुस्त झाला होता, फक्त लांबवर उजेड पाडून बघायचा राहिला होता, आणि नेमकी प्रयोगशाळा बंदमुळे तीन दिवस मिटलेली. जहाज काही बंद पाळत नाही. साहेबांनी तोंडी परवानगी दिली, आणि गुरुनाथ खोकं घेऊन दोन गल्ल्यांपलीकडच्या आपल्या क्वार्टरवर निघाला. बाजूचे लाल दिवे तेवढे त्याने प्रयोगशाळेतच ठेवले, ते ठणठणीत होते.

हा आरसा म्हणजे वैमानिकाचा देव. हलत्या डेकवर उतरताना वैमानिक डेककडे बघतच नाही, आरशाकडे बघतो. दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची ओळ, मधे आरशात पिवळा गोळा. गोळा हिरव्या ओळीत राहिला की खुशाल उतरायचं. लाल दिवे लुकलुकले की उतरायचं नाही. गुरुनाथला हे काम शिकवणारे सदाशिवनाना दम द्यायचे, "पोरा, हा काही तुळशीपुढचा दिवा नव्हे. डेक मोकळं असल्याशिवाय आणि वर आपलं विमान असल्याशिवाय याला हात लावायचा नाही. दिवा लावला की जागा द्यावी लागते, येईल त्याला!"

पद्मिनीने खोकं बघितलं आणि तोंड फिरवलं. तिला आत काय आहे ते ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ माधव पाणबुड्या शोधणाऱ्या पंख्याच्या विमानात मागच्या सीटवर बसायचा. तीन वर्षांपूर्वी धुक्यात ते विमान तिघांना घेऊन गेलं ते परत आलं नाही. त्याचं इंधन संपायची वेळ उलटून गेली, त्यावर आणखी तासभर जहाजाने दिवे तेवत ठेवले, आणि मग दिवे मालवायचा हुकूम आला. बटण गुरुनाथच्या हाताखाली होतं. यात त्याची चूक काय? काहीच नाही. पण पद्मिनीला हे कोण समजावणार! तेव्हापासून ती त्याला वाढायची, त्याचे कपडे धुवायची आणि कामापुरतं बोलायची. एवढंच.

दिवस मावळताना त्याने गच्चीवर खाट टाकली, तिच्यावर आरसा बसवला, वायर खाली घरात सोडली. कपड्यांच्या तारेवर पद्मिनीची लाल सुती साडी ओलीच लोंबत होती. माधवने शेवटच्या भाऊबिजेला ओवाळणीत घातलेली. बागेपलीकडच्या पाण्याच्या टाकीवर उजेड बरोबर पडतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. सदाशिवनानांची आठवण झाली तसा तो स्वतःशीच हसला. इथे कसलं डेक आणि कसलं विमान!

त्याने बटण दाबलं. हिरवी ओळ उजळली, मधे पिवळा गोळा आला. आणि तेवढ्यात समोरून धुकं आलं आणि त्याने टाकी गिळून टाकली. उजेडाचा एक रस्ता तेवढा धुक्यात वर वर गेलेला दिसत होता.

मग आवाज आला.

हवाई दलाचा तळ जवळच, विमानांचं इथे कुणाला नवल नव्हतं. पण हा पंख्याचा आवाज होता, आणि मधेच घुटमळणारा, घशात पाणी अडकल्यासारखा. हे विमान या शहरात असणं शक्यच नव्हतं. पाठोपाठ वास आला. आधी विमानाच्या रॉकेलचा, मग त्याखालचा... ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा, कुजक्या शेवाळाचा.

जिन्यात पावलं वाजली. पद्मिनी वर आली होती, अनवाणी.

"अहो..." ती कुजबुजली, "हा माधवच्या विमानाचा आवाज."

"खाली जा. उल्काला घे आणि शेजारी जा."

"दिवा मालवू नका. या वेळी तरी मालवू नका हो..."

गुरुनाथचा हात बटणावरच होता. गच्चीच्या बरोबर खाली त्यांची खोली होती, आणि त्या खोलीत सहा वर्षांची उल्का ताप भरून झोपली होती. धुक्यात एक मळकट उजेड दिसू लागला. विमान नाक खाली करून येत होतं. पंखांवरून पाण्याच्या धारा गळत होत्या. काचेमागे तीन डोकी होती, आणि तिन्ही अगदी स्थिर. ती बहिणीला भेटायला आलेली वाटली नाहीत. त्यांना जागा हवी होती, आणि जागेवर कोण झोपलंय याची त्यांना पर्वा नव्हती. गुरुनाथ आयुष्यात इतका कधी घाबरला नव्हता.

खालून नाक्यावरचा सीआरपीचा जवान ओरडला, "छत पे कौन है? बत्ती बंद कर, नहीं तो गोली मार दूँगा!"

मालवून उपयोग नव्हता, विमान डोक्यावर आलं होतं. लाल दिवे प्रयोगशाळेत. गुरुनाथने तारेवरची साडी ओढली, दिव्यांवर टाकली आणि बटण खालीवर, खालीवर करत सुटला. धुकं लाल झालं, काळं झालं, पुन्हा लाल झालं.

"नको...!" पद्मिनी किंचाळली.

एंजिन गरजलं. विमान गच्चीला घासून वर उसळलं. कपड्यांची तार मधोमध तुटली आणि दोघांच्या तोंडावर पाण्याचा सपकारा बसला. गुरुनाथच्या ओठांवर ते पाणी आलं. खारट.

जवान दोघे होते, बंदुका रोखूनच वर आले. खाटेवरचं यंत्र, नौदलाचं ओळखपत्र, सगळं उलटसुलट करून बघितलं, दोन शिव्या हासडल्या. जाताना एकाने ओल्या गच्चीवर बूट आपटला. "पाइप फटा है क्या? इतना पानी कहाँ से आया?" विमानाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

"माझ्या भावाला तुम्ही दोनदा घालवलंत," पद्मिनी म्हणाली. रात्रभर ती भिंतीकडे तोंड करून पडून होती.

सकाळी गुरुनाथला तिची दया आली. तिची समजूत घालायला तो बोलून गेला, "अगं, लाल म्हणजे हाकलणं नव्हे. या खेपेला नाही, वळसा घालून पुन्हा ये, एवढाच त्याचा अर्थ."

पद्मिनी लसूण सोलत होती. तिचे हात थांबले. "म्हणजे तो पुन्हा येतो?"

"वैमानिक तर येतोच."

पुन्हा लसूण हाती घेत, मान वर न करता तिने विचारलं, "डेकवर तारा किती असतात हो? विमान अडवायच्या?"

"चार. आडव्या, घोट्याएवढ्या उंचीवर. विमानाच्या शेपटीचा आकडा त्यात अडकतो." ती आपणहून बोलली याचाच त्याला केवढा आनंद झाला! तीन वर्षांनी बायको काही विचारतेय म्हटल्यावर त्याने सगळं सांगितलं, तारा ताणायच्या कशा हेसुद्धा. शहाणा माणूस मायेच्या भरात जेवढा मूर्खपणा करतो तेवढा मूर्ख माणूसही करत नाही.

बंद उठला त्या दिवशी त्याने आरसा खिळे ठोकून पॅक केला आणि स्टेशनवर स्वतः गाडीत चढवला. गाडी हलली तसं छातीवरचं ओझं उतरलं. परत येताना दिवेलागण झाली होती, धुकं उतरत होतं. उल्कासाठी त्याने तिळाची गजक घेतली होती.

गल्लीच्या तोंडाशी त्याला तो आवाज ऐकू आला. पंख्याचा, घुटमळणारा. या वेळी तो मागून येत होता, वळसा पुरा करून.

गजक हातातून कुठे पडली ते त्याला कळलं नाही. तो जिने चढत गच्चीवर पोहोचला तेव्हा पद्मिनी कठड्याशी उभी होती. गच्चीवर चार तारा आडव्या ताणलेल्या होत्या, घोट्याएवढ्या उंचीवर. पलीकडे पणत्यांची ओळ लावली होती.

"साडी!" तो ओरडला. "ती लाल साडी दे... लवकर!"

"तिच्या वाती केल्या," पद्मिनी शांतपणे म्हणाली. "आज डेक तयार आहे."

त्याने पणत्यांकडे बघितलं. मधली ज्योत पिवळी होती. बाजूच्या सगळ्या हिरव्या. वारा सुटला होता, पण एकही हलत नव्हती. तो पुढे धावला, पण तेवढ्यात शेवाळाच्या वासाने त्याचा श्वास कोंडला. खारट पाणी गच्चीभर सांडलं. चौथी तार ताणली गेली, कुरकुरली, आणि एंजिन बंद पडलं. गच्चीवर काहीच दिसत नव्हतं, नुसतं धुकं.

तेवढ्यात जिन्याच्या दाराशी त्याला उल्का दिसली. तिचा ताप उतरलेला दिसत होता. तारांच्या दिशेने ती बोटाने काहीतरी मोजत होती. तिघांवर येऊन तिचं बोट थांबलं नाही, पुढेच गेलं.

"बाबा," ती म्हणाली, "मामाबरोबर ही एवढी सगळी माणसं कोण आहेत?"