खरवडलेलं नाव

दिवा जरा मोठा कर रे, नेरिओ. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मी गास्पारेचं सांगतोय. माझ्याच शेजारच्या यंत्रावर चित्रं छापायचा तो. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, दारू चढल्यावर.

सन सतराशे सत्तावन्न. दोन नोव्हेंबरची रात्र, मृतांचा दिवस. साऱ्या रोममध्ये घरोघरी मेलेल्यांसाठी ताट वाढून ठेवलेलं, आणि गास्पारे कारखान्यात एकटा. पहाटे निघणाऱ्या एका इंग्रज पाहुण्याला बादशहांच्या काळच्या सार्वजनिक स्नानगृहाच्या पडक्या कमानीचे तीन छाप हवे होते. मालकांचा हुकूम.

त्या कमानीचं चित्र पत्र्यावर कोरलं होतं आमच्याच कारखान्यातल्या सेत्तिमिओनं. चित्र पुरं झालं, तरी आणखी मापं घ्यायला मालकांनीच त्याला पुन्हा वर चढवला. दगड निसटला, गेला बिचारा. त्याची बायको आन्येझे लहान मुलीला घेऊन आली.

"मालक, चित्राखाली त्याचं नाव तेवढं राहू द्या. पोरीला वाचता येत नाही, पण बोट तरी फिरवील."

मालक म्हणाले, "बाई, भिंतीवर चढतो तो गडी. नाव असतं धन्याचं."

आणि गास्पारेला खूण केली. त्यानं तांब्याच्या पत्र्यावरचं ते नाव खरवडलं, तिच्यादेखत. मी तिथंच उभा होतो. तोंडातून ब्र काढला नाही. पोट फार वाईट, पोरांनो. साहेबलोकांना पडक्या भिंती हव्यात, पडलेला माणूस कुणाला हवाय?

असो. त्या रात्री त्यानं पत्र्याला शाई लावली. वरची शाई तळहातानं पुसली, आपण पुसतो तशीच. ओला कागद ठेवला. चाक फिरवलं.

पहिला छाप. कमानीच्या माथ्यावर एक माणूस, गव्हाच्या दाण्याएवढा. पत्र्यावर तर माणूसच नव्हता.

दुसरा छाप. माणूस अर्ध्या भिंतीवर.

तिसरा. खाली गवतात. मान कललेली...

गास्पारे मागे सरकायला गेला. सरकता येईना. कुणीतरी उजवं मनगट धरलेलं. गार. चुन्याच्या धुळीनं खरखरीत. हात तांब्यावर दाबला... दाबतच राहिलं...

सकाळी मालकांनी पाहिलं तर तिन्ही छाप स्वच्छ. एकही माणूस नाही. मालक खूश! आजही मजेत आहेत, त्यांच्या नावानं चित्रं देशोदेशी टांगलीत. असल्यांच्या वाटेला भूतसुद्धा जात नाही. भुताला नोकरच सापडतो.

गास्पारेच्या उजव्या तळहाताला त्या दिवसापासून कायम फडकं. विचारलं की उठून जायचा.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. शेवटची आंघोळ मीच घातली. फडकं सोडलं... तळहातावर सेत्तिमिओचं नाव. बारीक, काळ्या अक्षरांत, पत्र्यावर कोरतात तसं उलटं नव्हे, सरळ वाचता येईल असं. साबण लावला, राख लावली. जाईना.

मग मी सेत्तिमिओच्या त्या मुलीला बोलावून आणलं. आता मोठी झालीय, लोकांचे कपडे धुते. वाचता अजूनही येत नाही.

"बाबांचं?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली. लाजेनं वर बघवेना.

तिनं त्या मेलेल्या हातावरून बोट फिरवलं. एकेक अक्षर. शेवटपर्यंत. बोट उचललं, तेव्हा तळहात कोरा होता.

आणि तिच्या बोटाला शाई नव्हती लागली, पोरांनो. पांढरी धूळ लागली होती. कमानीच्या चुन्याची.