तेरा दिवसांची लकब

रत्नागिरीच्या शैवाल प्रयोगशाळेत ऋजुता मोघे आई गेल्यानंतर चौदाव्या दिवशी कामावर आली. तिची आई, डॉ. शकुंतला मोघे, याच टाक्यांशी तीस वर्षे वावरली होती. रोजची निरीक्षणे ती प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर आपल्या आवाजात नोंदवून ठेवी. त्या खात्याचा पासवर्ड तिच्याबरोबरच गेला.

आज दुपारी बारा वाजता सगळेच पासवर्ड बंद होणार होते. नवी त्रयस्थ-प्रवेश प्रणाली जोडायला, सगळ्यांच्या ओळखी सांभाळणाऱ्या ओळखपेढीचा आरिफ मुकादम आला होता.

"संकेतस्थळाने कुणाला ओळखायचंच नाही," तो म्हणाला. "दाराशी कोण आलंय ते पेढीला विचारायचं. पेढी टंकण्याची लकब बघते. कुठे थांबता, काय खोडता. ज्याच्या त्याच्या फोनवरून रोज शिकत राहते."

"लकब बदलली तर?"

"माणूस बदलतोच की गं. पण एक लकब, एक माणूस. त्यात तडजोड नाही."

"आणि आईचं खातं?"

आरिफ चष्मा पुसू लागला. "बारापर्यंत जोडलं नाही, तर पुसलं जाईल. मॅडमचं कोण जोडणार? चल, चाचणी कर. पहिली तू."

ऋजुताने दिलेले वाक्य टंकले. पडद्यावर अक्षरे उमटली : नमस्कार, डॉ. शकुंतला मोघे.

"अरेच्चा! चुकली की!"

"चुकली नाही," ऋजुता शांतपणे म्हणाली. "सांत्वनाचे निरोप आईच्या फोनवर येत होते. तेरा दिवस त्यावरून मीच उत्तरं दिली. माझ्या फोनला हातही लावला नाही. आई गेल्याचं पेढीला कळवायचं राहिलं, म्हणून माझी लकब तिला आता आईची वाटते."

खाली प्रश्न आला : हीच लकब पूर्वी आपली कन्या ऋजुता यांची होती. त्यांचा फोन तेरा दिवस निश्चल आहे. त्यांचे निधन झाले आहे का?

"'नाही' दाब. परत तू तू होशील."

"आणि खातं?"

आरिफने घड्याळाकडे पाहिले. बाराला चार मिनिटे होती. ऋजुताने 'हो' दाबले.

"वेडी आहेस का? तुझा पगार, घर, मतदान... सगळं त्याच ओळखीवर आहे!"

आईचे खाते उघडले. ऋजुताने त्यातली शेवटची नोंद लावली. आईचा थोडा बसलेला आवाज आला. "तिसऱ्या टाकीतलं शैवाल मेलंय, असं ऋजुता म्हणते. मला नाही तसं वाटत. उद्या पाणी बदलून बघते."

पर्समध्ये आईचा फोन थरथरला. कन्येच्या निधनाबद्दल ओळखपेढीचा सांत्वनसंदेश होता. ऋजुता सवयीने उत्तर टंकू लागली.