काचेआडची वाफ

मे महिन्यातली दुपार. पारा शेहेचाळीसवर. धुळ्याच्या रस्त्यांवर चिटपाखरू नव्हतं. हेमांगीबाई कॉलेजच्या मागच्या प्रयोगशाळेत सामान आवरायला आल्या होत्या. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा, असं प्राचार्यांचं पत्र होतं.

टेबलावर त्यांचं यंत्र होतं. घागरीएवढं पोलादी भांडं, त्याला काचेचा एक झरोका. आतली हवा पार उपसायची, चिमूटभर हायड्रोजन सोडायचा, विजेनं तापवायचा. सूर्याच्या पोटात अणू एकमेकांत मिसळतात तसे इथं मिसळतात का, ते पाहायचं. परदेशात कोटी कोटी अंशांची उष्णता मिनिटंच्या मिनिटं टिकते, असं पेपरात येई. इथं मात्र तीन वर्षं साधी हवा निघेना. स्टाफरूममध्ये रोज तेच, "काय मॅडम, पेटला का सूर्य?"

"शेवटचं लावून बघू, हिलालभाऊ," त्या चिडून म्हणाल्या.

शिपाई हिलालनं पंप सुरू केला. आतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा नेहमीच्याच जागी अडला. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, पंप थांबला. बाईंनी हातातला पाना आदळला.

त्या शांततेत काटा खाली सरकू लागला.

"मॅडम... पंप ते बंद शे," हिलाल कुजबुजला. "मंग हवा कोन वढी ऱ्हायनं?"

काटा शून्यावर टेकला. तीन वर्षं मागितलं ते समोर होतं, आणि बाईंना आनंद होईना. त्यांनी भांड्याला हात लावला. माठासारखं गार! काचेवर वाफ धरली. विरली. पुन्हा धरली...

त्यांनी पदरानं काच पुसली. वाफ आतून होती.

आत हवाच नव्हती. तरी वाफ येत होती... जात होती... दर वेळी थोडी लहान.

"उघडा मॅडम... जे कोन शे, ते गुदमरी ऱ्हायनं."

इतक्या वर्षांनी साधलेलं असं घालवायचं? बाईंचा हात झडपेवर थबकला. वाफ आता रुपयाएवढीच. दात आवळून त्यांनी झडप फिरवली.

सूं करत हवा आत शिरली. एवढंसं भांडं भरायला दहा सेकंद पुरतात. मिनिट झालं. पाच झाली. काटा केव्हाच वर आला होता, आवाज थांबेना. टेबलावरचे कागद झडपेकडे सरकू लागले.

हिलालनं घाबरून दार उघडलं. बाहेर वारा पडला होता. तरी आवारातल्या लिंबाचा पाचोळा सरसरत दाराकडेच येत होता.