एकास एक

“आजी, तुमचा भाव मागे मागे जात थांबणार तरी कुठे?”

एवढंच विचारायचं होतं. “विचारलंस तर महिनाभर तुझं दप्तर मी उचलीन,” अशी पैज वर्गातल्या नेरिमानं लावली होती आणि नंजालानं तिथल्या तिथे टाळी दिली होती. पंधरावं लागल्यापासून नंजालाला भीती म्हणून उरली नव्हती. वर्गात सगळ्यात मोठा आवाज तिचा, पोरांना तोंडावर सुनावणारी तीच.

बुसियाच्या सीमेवर नोटा बदलून देणारे पन्नासएक जण बसतात. तिचे बाबा त्यांतलेच. रोज सकाळी प्रत्येक जण पाटीवर खडूनं भाव लिहितो: केनियाच्या एका शिलिंगाला युगांडाचे किती. सगळ्यांचा अठ्ठावीसच्या आगेमागे. आंब्याखालच्या म्हातारीचं मात्र भलतंच. दोन आठवड्यांपूर्वी कुठूनशी येऊन बसली. पहिल्या दिवशी छत्तीस, मग तेहतीस, सत्तावीस, तेवीस. लोक म्हणाले, डोकं फिरलंय. पण नंजाला गणितात पक्की. तिनं बाबांच्या आणि आजोबांच्या जुन्या वह्या काढल्या, आणि बघते तर काय, हे सरलेल्या सालांचे भाव होते! ओळीनं, उलटे.

एकदा पाटीवर चार होते आणि दुसऱ्या दिवशी एकदम ऐंशी. “हुकली म्हातारी!” नेरिमा नाचायला लागली. वही उघडली, तर त्याच साली पलीकडच्या युगांडा सरकारनं नोटांवरची दोन शून्यं कापून शिलिंगाचा भावही पाडला होता. म्हातारी हुकली नव्हती.

काल पाटीवर पाच होते.

आज शाळेआधी नंजाला पोहोचली तेव्हा पाटी कोरी होती. म्हातारी निळं कापड गुंडाळून बसली होती. आंब्याखाली ओल्या पाटीचा वास येत होता, जमीन मात्र कोरडी ठाक.

प्रश्न ऐकून म्हातारीनं मान वर केली. “भवानीला आलीस होय?”

दिवसातला पहिला भाव जो विचारेल, त्यानं सौदा केल्यावाचून उठायचं नाही. आणि बोललेला भाव सूर्य मावळेपर्यंत मोडायचा नाही. सीमेवरचं शेंबडं पोरही हे जाणतं. पैजेच्या नादात नंजालाच विसरली होती.

म्हातारीनं पाटीवर एक उभी रेघ ओढली. “इथे थांबणार. एकास एक. याच भावानं तुझ्या आजोबानं माझ्याकडून एक नेलं होतं. घरात पोरं किती?”

“दोन,” नंजालाच्या तोंडून निघून गेलं. “मी आणि ब्विरे.”

“मग एक आणून दे. कुठलंही चालेल.”

चहाच्या टपरीमागून नेरिमा फिदीफिदी हसत आली. “काय गं, तोंड का उतरलं? बोल ना, कुठे थांबणार?”

“दप्तर उचल आधी,” नंजाला म्हणाली. हसायला गेली, जमलं नाही. शाळेची वाट सोडून ती घराकडे पळत सुटली.

ब्विरे चार वर्षांचा. ओट्यावर बसून आपला तळहात बघत होता. तळहातावर खडूची एक रेघ होती. आई पाण्यानं पुसत होती, मग राखेनं घासायला लागली. कातडी लाल झाली. रेघ पांढरी ती पांढरीच.

बाबांना बोलावून आणलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मारलं नाही, ओरडलेही नाहीत.

“पन्नास माणसं बसतात तिथे. तुला तीच सापडली?”

“बाबा, पैज होती...”

“पैज!” आई उसळली. “जिभेला हाड नाही कार्टीच्या! अहो, आपण पोलिसांकडे जाऊ.”

“काय सांगणार? बोललेला भाव मोडायचाय म्हणून?” बाबांनी ब्विरेचा तळहात हातात घेतला. मग म्हणाले, “मी याच्याएवढा होतो. दोन्हीकडचा शिलिंग तेव्हा सारखा होता. बापानं मला त्या आंब्याखालून उचलून आणलं. त्याआधीचं मला काही आठवत नाही.”

“आणि ती?” नंजालानं विचारलं.

“अशीच होती. हेच निळं कापड.”

दुपारपर्यंत ब्विरेचे हात गार पडले. आईनं त्याला पोटाशी धरलं, तर तो मान वळवून आंब्याच्या दिशेनंच बघत राहिला.

“आजी बोलावतेय,” तो म्हणाला.

आता दुसऱ्या तळहातावरही रेघ होती.

आईबाबा आतल्या खोलीत गेले. कुजबुज ऐकू आली. मग तीही थांबली.

ऊन पिवळं झालं. आई बाहेर आली, मक्याच्या पिठाची उगाली शिजवली, तळलेली मासळी काढली. एकदाही नंजालाकडे बघितलं नाही. बाबा पाणी भरत होते. रोज तेच म्हणायचे, नंजाला, ये गं जेवायला. आज म्हणाले नाहीत.

चटईवर ताटं मांडली होती. नंजालानं मोजली. मग पुन्हा मोजली.

तीन.

दाराशी तिच्या चपला ठेवल्या होत्या. बाहेरच्या दिशेनं तोंड करून.

नंजाला उठून उभी राहिली. वर्गात उत्तर देताना लावायची तसा खणखणीत आवाज लावला.

“आई, बाबा, मी ठरवलंय. मीच जाते.”

आईनं आधी ब्विरेचे दोन्ही तळहात उलटून बघितले. ते स्वच्छ होते.