आपल्याकडे मिटलेलं पान

शेळीनं लाल कापडाचं एक टोक तोंडात धरलं होतं आणि दुसरं अंबुजाच्या हातात होतं.

“सोड गे मेले! देवाच्या रथाचें वस्त्र तें, तुझ्या सासऱ्याचें धोतर नव्हे!”

कावेरीच्या घाटावर धोबी होते, भटजी होते, विड्याच्या पानांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका होत्या, सगळे तमिळ. कुंभकोणातला मराठी माणूस मराठी बोलायचा तो घरात, नाही तर फार चिडल्यावर. आपलं बोलणं इथं कुणाच्या बापाला कळणार नाही, या भरवशावर अंबुजा शेळीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

कुणीतरी मागून येऊन शेळीचे कान धरले. कापड सुटलं.

“तिच्या सासऱ्याले सोडा जी,” तो माणूस हसत म्हणाला, “पन हे मराठी तुमी कोठून आनलं? रामेसरपासून कान टवकारून हाय मी. कोनी ‘पानी घे’ म्हननारं भेटलं नाई.”

अंबुजानं वळून पाहिलं. माणूस परका. डोक्यावरचे केस नुकते उगवू लागलेले, म्हणजे घरातलं कुणीतरी गेलेलं. अंगावर आगगाडीचा धुरळा. पण तिची नजर गेली ती त्याच्या सदऱ्याच्या गळ्याकडे. तिथं दोरा ओवलेली सुई टोचून ठेवली होती.

“शिंपी कां तुम्हीं?”

“हाव. पांढुर्ण्याचा. नागपूरच्याई पल्याड. मायच्या अस्थी सेतूवर सोडून आलो, आता घरी चाललो.” त्यानं शेळीचे कान सोडले. “पुंडलिक म्हनतात मले.”

“म्हणजे देवाला विटेवर थांबवून ठेवणारे!”

तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं पदर दातांत धरला. विधवेनं परक्या पुरुषाची थट्टा करायची नसते. पंधराव्या वर्षी तिचं कुंकू पुसलं गेलं होतं. नवऱ्याचा चेहरा आठवायचा तर तिला डोळे मिटावे लागत, आणि मिटूनही तो नेहमी आठवत नसे. त्या चेहऱ्यासाठी मात्र जन्मभर पांढरं लुगडं नेसायचं होतं.

तंजावरची गादी जाऊन गोऱ्यांचा अंमल बसला त्याला पिढ्या लोटल्या होत्या. राजानं आणलेले शिंपी तेवढे मागं राहिले. अंबुजाचे वडील वैद्यनाथराव देवळांच्या रथांची कापडी तोरणं आणि छताला लावायच्या आसमानगिऱ्या शिवत. लाल, पिवळ्या, पांढऱ्या कापडातून मोर आणि सिंह कापून ते बारीक टाक्यांनी बसवायचं काम अंबुजाचं. हात तिचा, नाव वडिलांचं. विधवेच्या हातचं देवाला चढतं हे देवळाच्या पंचांना कशाला सांगायचं?

“आपल्या जातीचा, विठोबाचा माणूस, धर्मशाळेंत कां राहील?” वैद्यनाथराव म्हणाले, आणि पुंडलिकाला घरी जेवायला बसवलं.

तो पोटभर जेवला. आणि जेवून झाल्यावर त्यानं केळीच्या पानाची जवळची कड उचलली आणि पान पलीकडे मिटलं.

मीनाक्षीबाईंच्या हातातलं ताक सांडलं. ही वैद्यनाथरावांची बहीण, अंबुजाची आत्या. ऐन वयात कपाळ पांढरं करून भावाकडे आली आणि त्याच स्वयंपाकघरात म्हातारी झाली.

“अय्यो! असें मयताच्या जेवणाला मिटतात! तुमच्या देशीं शिकवीत नाहींत कां?”

“आमच्याकडं पळसाची पत्रावळ असते जी,” तो बिचारा गोरामोरा झाला. “काड्यांनी टाचलेली. ते मिटत नाई. उचलाची आन् फेकाची.”

दाराआडून अंबुजा म्हणाली, “पलीकडची कड उचलून आपल्याकडे आणा. म्हणजे जेवण गोड झालें, नातें राहो. पलीकडे मिटलें कीं संपलें. असें जेवण या घरीं पुन्हां न होवो.”

त्यानं पान उघडलं आणि सावकाश आपल्याकडे मिटलं. दाराकडे पाहून म्हणाला, “राहो.”

ऐप्पसीची, म्हणजे तमिळ आश्विनाची, झड लागली. तिकडे पुंडलिकाच्या देशी आश्विन सरला की आभाळ मोकळं होतं. इथं ते फुटतं. रुळांखालची माती वाहून गेली आणि मद्रासची गाडी बंद पडली. रथोत्सव तोंडावर आलेला. रिकामा बसून काय करणार म्हणून पुंडलिक वैद्यनाथरावांशेजारी शिवायला बसला. गळणाऱ्या छपराखाली पितळी घंगाळं ठेवलं होतं, त्यात टपटप चालू असे. वैद्यनाथराव देवळात गेले की ओटीवर तो आणि मधल्या खोलीत अंबुजा, मध्ये उघडं दार आणि एकच लांब लाल कापड. एका टोकाला त्याची सुई, दुसऱ्याला तिची.

“पांढुर्णें केवढें आहे?” तिनं विचारलं.

“एक पेठ, एक नदी. जाम म्हनतात तिले. बाजाराच्या दिवशी बैलगाड्या. बाकीच्या दिवशी पेठेत कुत्रे झोपून रायतात.”

“मग तेथें पाहायला काय आहे?”

“काईच नाई. संत्र्याच्या बागा हायेत. उन्हाळ्यात धूळ, पावसात चिखल. तुमाले आवडनार नाई.”

“मला विचारिलें कोणीं?”

“मी इचारतो न…”

कापड दोन्ही टोकांना थांबलं. घंगाळात पाणी टपकत राहिलं. अंबुजानं उगाच दोरा तोडला, उगाच पुन्हा ओवला. तिच्या कानशिलांत रक्त धडधडत होतं, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. हेच तिला नवल वाटलं.

“तुमचा टाका वाकडा जातो,” ती म्हणाली.

“दाराकडं पाहून शिवलं तर वाकडाच जाईन.”

“मग कापडाकडे पाहा.”

“कापड का पांढुर्ण्याले नाई भेटत?”

ती हसली. त्या घरात ती शेवटची कधी हसली होती, ते आत्यालाही आठवलं नसतं. आत्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला आणि पुन्हा चालू लागला.

रूळ दुरुस्त झाल्याची बातमी आली त्या दिवशी तो म्हणाला, “आमच्यात पाट लावतात, अंबुजाबाई. माझ्या मायचा पाटच होता. कोनी नाव ठेवत नाई. तिनं मरताना सांगतलं, बायको पायताना तिचं कपाळ नको पाहू, हात पाह्य तिचा. मी तुमचा हात पायला.”

अंबुजानं हातातला अर्धा शिवलेला मोर खाली ठेवला. तिच्या लोकांतही कधीकाळी विधवेचा पाट लागत असे. पण देवळाचं काम हवं, भटजींच्या ओळीत मान हवा, म्हणून तिच्या पणजोबांच्या पिढीनं तो टाकला. मान मिळाला, आणि त्याची किंमत घरातल्या बायका भरत राहिल्या.

“मला यायचें आहे,” ती म्हणाली. आढेवेढे नाहीत, काही नाही. “अप्पा नाहीं म्हणतील. तरी यायचें आहे.”

“मी त्याइले जेवताना इचारतो. उद्या. चोरून नेनार नाई.”

“आणि ते ओरडले, आणि तुमचा धीर खचला, तर मला कसें कळावें? मी पानांपुढे येऊं शकत नाहीं.”

तो हसला. “उष्टी तुमीच काढता न? मंग पान सांगन. अप्पा काईबी म्हनोत, मी आपल्याकडं मिटलं तर समजा, सांजच्या गाडीपर्यंत ठेसनावर तुमची वाट पायतो. पल्याड मिटलं त… मले इसरा.”

माणूस योजतो एक आणि होतं भलतंच. दुसऱ्या दिवशी पहाटेच अंबुजाला बाहेर बसावं लागलं. महिन्याचे ते दिवस. परसातल्या पडवीत वेगळं बसायचं, कशाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. उष्टी काढायला ती नव्हती. पुंडलिकाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पडवीत बसून तिनं वाढपाच्या भांड्यांचे आवाज ऐकले. मग त्याचा हलका आवाज. मग वडिलांचा.

“पाट? माझ्या घरांत? रथाचें वस्त्र शिवणाऱ्या घरांत? उद्यां देवळाचीं दारें आम्हांला बंद! ऊठ! पानावरून ऊठ!”

मग बराच वेळ काही नाही. तो वेळ तिला कळेना. पुढचं दार वाजलं. थोड्या वेळानं आत्या उष्टी पानं घेऊन परसात आली आणि ती भिंतीपलीकडच्या खड्ड्यात टाकली.

विचारलं तर गुपित फुटणार होतं. न विचारलं तर जन्म जाणार होता.

“आत्या… पाहुण्यांनीं पान कसें मिटलें?”

आत्या पाठमोरीच होती. “पलीकडे,” ती म्हणाली, आणि आत गेली.

अंबुजा रडली नाही. भिंतीला टेकून बसून राहिली. चूक आपलीच, तिला वाटलं. गाडी थांबली म्हणून माणूस थांबला, गाडी सुटली म्हणून निघाला. यात आपल्यासाठी काय होतं? सांजच्या गाडीची शिटी झाली. ती तिनं इतर दिवसांसारखीच ऐकली. आत्यानं दुरून ठेवलेलं पेज-भाताचं पान तसंच राहिलं.

सकाळी एक कावळा खड्ड्यातून पान ओढत वर आला. चोचीनं उघडू पाहत होता आणि ते उघडत नव्हतं. कावळा चिडला, टाकून उडाला.

पानाच्या दोन्ही कडा लाल दोऱ्यानं टाचलेल्या होत्या. बारीक, सरळ टाके. एकही वाकडा नव्हता.

अंबुजा पानाकडे बघत राहिली. नातं तोडून निघालेला माणूस पान शिवत बसत नाही. तिला सगळं एकदम कळलं. कालची शिटीही कळली; तो तिथवर वाट पाहून गेला होता. तिनं ते पान उचललं आणि तशीच, त्या दिवसांत, सोवळं-ओवळं न बघता स्वयंपाकघरात शिरली.

“शिवूं नको!” आत्या ओरडली. मग तिला पान दिसलं, आणि ती चुलीपुढे मटकन खाली बसली.

“आपल्याकडेच मिटलें होतें त्यानें,” आत्या म्हणाली. “अप्पा ओरडत होते, आणि तो शांतपणें सुई काढून शिवीत बसला. म्हणाला, वाऱ्यानें उघडायला नको.”

“मग तुम्हीं कां…”

“मला कोणीं विचारिलें नाहीं गे,” आत्याचा आवाज फुटला. “तुझ्याएवढी होत्यें मी. कोणीं एकानेंही विचारिलें नाहीं. तुला विचारिलें, तें मला सोसलें नाहीं. आणि तूं गेल्यावर या घरांत मी कोणाशीं बोलूं?”

अंबुजाला तिचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्या रागातच तिला आत्याचे भाजून भाजून काळे पडलेले हात दिसले. ती पडवीत जाऊन बसली. तिथं बसून तिनं काय ते ठरवलं.

चौथ्या दिवशी ती न्हाली. स्वयंपाक केला. वडिलांना वाढलं.

“त्या माणसाचें नांव या घरांत नको,” वैद्यनाथराव पानाकडे बघत म्हणाले. “आणि तुझ्या मनांत असेल तर सांगून ठेवित्यों. उंबरा ओलांडलास कीं माझी लेक मेली. दिवस करून मोकळा होईन.”

“शेरि अप्पा,” ती म्हणाली. बरं.

वडील उठून ओटीवर शिवायला बसले. मग त्या दोघी जेवायला बसल्या. अंबुजा नीट जेवली. भाताचं शीत मागं ठेवलं नाही. आणि जेवून झाल्यावर तिनं पानाची जवळची कड उचलली आणि पान पलीकडे मिटलं.

“अंबू,” आत्याचा घास हातातच राहिला. “हें काय करत्येस?”

“माझ्या दिवसांचें जेवण, आत्या. अप्पा करणारच आहेत. मी आज जेवून घेतलें.”

आत्या रडली नाही, अडवलंही नाही. उठली, हात धुतले. एका डब्यात दहीभात भरून तो फडक्यात बांधला, आपल्या कनवटीची पैशांची पुरचुंडी सोडून न मोजता त्याच फडक्यात घातली आणि गाठोडं तिच्यापुढे सरकवलं.

“मद्रासहून उत्तरेची गाडी,” अंबुजा स्वतःशीच घोकल्यासारखं म्हणाली. “मग नागपूर. त्याच्या पलीकडे. एक पेठ, एक नदी.”

“आणि तो तेथें नसला तर? तूं नाहीं आलीस म्हणून दुसरी केली असेल तर?”

“तर तेथें शिवीन कांहीं तरी. हात आहेत कीं.”

तिनं पदराला खांद्याशी सुई टोचली, लाल दोऱ्याची. वाळू लागलेलं पान लुगड्याच्या घडीत ठेवलं. ओटीवर वडील पाठ करून बसले होते. त्यांच्या मांडीवर आसमानगिरी पसरली होती, आणि तिच्यावरचा सिंह अंबुजानं बसवलेला होता. त्यांची सुई चालत नव्हती. तरी त्यांनी मान वळवली नाही. घरातून निघणारं माणूस ‘येत्यें’ म्हणतं. अंबुजाच्या ओठांवर ते आलं होतं, पण मेलेलं माणूस काय म्हणून निघतं ते तिला ठाऊक नव्हतं. ती न बोलता उंबरा उतरली.

रस्त्यावरून तिनं एकदाच मागं पाहिलं. दोन्ही दारं उघडी होती, त्यातून थेट स्वयंपाकघर दिसत होतं. आत्या उष्टी काढायला वाकली होती. मग ती अंबुजाच्या जागेवर खाली बसली, तिचं पान उघडलं, पलीकडची कड उचलली आणि आपल्याकडे मिटली. वर हात ठेवून तशीच बसून राहिली.

इतका वेळ कोरडे राहिलेले अंबुजाचे डोळे तेव्हा भरून आले. रडतच ती स्टेशनच्या वाटेला लागली.