दिलीपरावांची चाल

दिलीपराव खैरमोडे चहाचा कप टेबलावर ठेवून पुन्हा स्वयंपाकघरात डोकावले. गॅस बंद होता. परत येऊन बसतात तोच पत्नी शैलाताई आत गेल्या, म्हणून तेही उठले. त्यांच्या घोट्यावरची पातळ चालवेधी पट्टी हे सगळं टिपत होती.

बाथरूममध्ये ते पाय घसरून पडले, तेव्हा पुण्याच्या लेकीनं, केतकीनं, ती आग्रहानं बांधायला लावली होती. स्मरणशक्ती ढासळू लागली की जिभेच्या आधी पाय बोलतात, असं केतकी सांगायची. चालताना मध्येच थबकणं, दाराशी घुटमळणं, त्याच खोलीत पुन्हा पुन्हा जाणं, या खुणा पट्टीतला संवेदक दवाखान्याला कळवत असे. परभणीतल्या कितीतरी निवृत्तांच्या पायांत ती आता दिसायची.

दुपारी केतकीचा फोन आला. बाबांच्या चालीत बदल दिसतोय, दवाखान्यानं इशारा दिलाय, उद्याच डॉक्टरांना भेटा, असं तिनं कापऱ्या आवाजात सांगितलं. काय झालंय ते दिलीपरावांच्या ताबडतोब ध्यानात आलं. त्यांची स्वतःची स्मृती ठणठणीत होती. विसरत होत्या त्या शैलाताई. दूध उतू जाई, नळ वाहत राही, भाजीला निघालेल्या त्या जिन्यातच थांबून राहत. गेले काही महिने दिलीपराव सावलीसारखे त्यांच्या मागे होते. बायकोची भूल नवऱ्याच्या पावलांत उतरली होती.

हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं, शैलाताईंनासुद्धा. शैलाताईंच्या आईची शेवटची वर्षं विस्मरण झालेल्यांच्या एका स्मृतिनिवासात कुलपाआड गेली होती. ‘मला तिथं कधी ठेवू नका,’ असं वचन तेव्हाच त्यांनी नवऱ्याकडून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी, पट्टीची चूक झाली असं सांगायचं ठरवूनच ते दवाखान्यात गेले. डॉक्टर मृण्मयी कोठावळे वयानं केतकीएवढीच. या आजारावर आता गोळी निघाली आहे, पण ती सुरुवातीलाच घेतली तर लागू पडते, असं तिनं समजावून सांगितलं.

“काका, उशीर झाला असता तर आमच्या हातात काही उरलं नसतं,” ती म्हणाली.

मग तिनं पाच शब्द उच्चारले आणि थोड्या वेळानं परत विचारले. दिलीपरावांना पाचही आठवत होते. त्यांनी दोनच सांगितले.

“बाकीचे?”

“नाही आठवत,” ते म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

गोळ्या मिळाल्या. कॅल्शियमच्या म्हणून ते रोज शैलाताईंना देऊ लागले. इकडे त्यांचा वाहन परवाना गेला. केतकी फोनवर त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तशी सावकाश बोलू लागली. पत्त्यांच्या डावात मित्र त्यांना नुसतं शेजारी बसवून घेत. ते सगळं त्यांनी गिळलं. पण एकदा शैलाताईंना दिवसभर घेरी येत राहिली, तेव्हा मात्र त्यांनी तडक दवाखाना गाठला. आपल्यालाच घेरी येते असं सांगून त्यांनी मात्रा कमी करून घेतली.

हळूहळू गुण आला. नळ बंद राहू लागले, दूध वेळेवर उतरू लागलं. दिलीपरावांना शैलाताईंच्या मागे मागे फिरण्याचं काही कारण उरलं नाही. पट्टीला त्यांची चाल सुधारलेली दिसली; औषध काकांना छान मानवलं, म्हणून डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

एका सकाळी ते अंघोळ करून आले, तेव्हा शैलाताई गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन बसल्या होत्या.

“यावर तुमचं नाव आहे,” त्या म्हणाल्या. “ही कॅल्शियमची गोळी नाही. अहो, आजार कुणाला आहे?”

दिलीपराव खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. शैलाताई रडल्या नाहीत.

“माझ्यासाठी केलंत, ते दिसतंय मला. पण माझंच मला कळू द्यायचं नाही? शुद्धीत आहे तोवर मलाही काही ठरवायचं असेल, कुणाला काही सांगायचं असेल.”

शैलाताईंनी पाकीट दोघांच्या मधे ठेवलं.

“आज माझ्या लक्षात आलं, म्हणून मी विचारलं. उद्या हे विचारल्याचंही विसरले, तर तुम्ही आपण होऊन सांगाल मला?”